दोनशेव्या क्रमांकाचा हिशोब

आज आपण टेनिसबद्दल बोलणार आहोत, पण फेडरर, नदाल, जोकोविच यांच्याबद्दल फारसं नाही. त्यांच्यावर पुष्कळ बोलून झालंय, लिहून झालंय. आज आपल्याला बघायचंय ते जगात दीडशेवा, दोनशेवा, तीनशेवा असलेल्या व्यावसायिक खेळाडूकडे. त्याचं वर्ष कसं जातं, पैसे कुठून येतात, कुठे जातात, आणि इतकं उत्तम खेळूनही वर्षअखेर त्याच्या हातात काही का उरत नाही, हे समजून घ्यायचंय.

सुरुवातीला एक तुलना करू. जगातला दोनशेवा उत्तम शल्यविशारद किंवा दोनशेवा उत्तम वास्तुरचनाकार असा कुणी असेल, तर त्याच्या घरभाड्याची चिंता आपल्याला वाटेल का? नाही वाटणार. उलट त्याची भेट मिळायला आपल्याला सहा महिने थांबावं लागेल. टेनिसमध्ये मात्र दोनशेवा माणूस घरभाड्याची चिंता करतो. हे असं का होतं, याचं उत्तर त्याच्या फोरहँडमध्ये सापडत नाही. ते या खेळाच्या आर्थिक रचनेत सापडतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागलनं वृत्तसंस्थेला एक मुलाखत दिली. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता आणि जागतिक क्रमवारीत १५९वा होता. त्यानं सांगितलं, की खात्यात ९०० युरो आहेत. म्हणजे त्या वेळच्या दरानं ऐंशी हजार रुपयांच्या आसपास. त्या वर्षी तोपर्यंत तो २४ स्पर्धा खेळला होता आणि बक्षिसांतून त्याला साधारण ६५ लाख रुपये मिळाले होते. ६५ लाख ऐकल्यावर आपल्याला वाटतं, मग तक्रार कसली? पण दौऱ्यावर वर्षभर टिकून राहायला ८० लाख ते एक कोटी लागतात, असा त्याचा हिशोब होता. बक्षिसाची रक्कम, इंडियन ऑइलमधल्या नोकरीचा पगार आणि आपल्याकडच्या महा टेनिस फाउंडेशनची मदत, हे सगळं त्यानं खेळातच घातलं होतं. आणि त्यानंतर उरले ते ९०० युरो.

आता हा हिशोब आपण नीट उलगडू.

शिडीचे तीन मजले

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची रचना तीन मजली आहे. सगळ्यात खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा. त्यांना एम-१५, एम-२५ अशी नावं आहेत. एम-१५ म्हणजे एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. मधल्या मजल्यावर चॅलेंजर स्पर्धा. वरच्या मजल्यावर एटीपीचा मुख्य दौरा, आणि त्याच्याही डोक्यावर चार ग्रँड स्लॅम. महिलांच्या खेळातही अशीच उतरंड आहे, नावं तेवढी वेगळी.

तळमजल्यावर काय मिळतं, ते बघा. एम-१५ स्पर्धेत एकेरीच्या मुख्य फेरीत ३२ खेळाडू असतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला अलीकडच्या वर्षांत १५६ डॉलर मिळत आले आहेत. तेरा हजार रुपये म्हणा. त्यात विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, सगळं त्यानं बघायचं. बरं, जो पाच सामने जिंकून विजेता होतो त्याला किती? २,१६० डॉलर, म्हणजे पावणेदोन-दोन लाख रुपये. हे विजेत्याचे, करकपातीच्या आधीचे! एका आठवड्यात असा विजेता एकच होतो. उरलेल्या ३१ जणांपैकी बहुतेक जण त्या आठवड्यात स्वतःच्या खिशातून पैसे घालून खेळलेले असतात.

आता वरच्या टोकाला जाऊ. २०२४च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलेल्या खेळाडूला एक लाख डॉलर मिळाले. दोघंही पहिल्या फेरीत हरले. एकाला १५६ डॉलर, दुसऱ्याला एक लाख. दोघांच्या खेळात फरक आहे, हे मान्यच. पण तो सहाशे पटींचा आहे का?

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जागा असतात. त्यातल्या १०४ क्रमवारीनुसार थेट भरल्या जातात, ८ वाइल्ड कार्डनं आणि १६ पात्रता फेरीतून. पात्रता फेरीतही १२८ खेळाडू असतात आणि तीन सामने सलग जिंकावे लागतात. म्हणजे साधारण शंभराच्या आतला खेळाडू वर्षातून चार वेळा नुसता कोर्टवर उतरला, तरी त्याच्या वर्षाच्या खर्चाची तरतूद होते. साधारण दोनशेतिसाच्या आतल्याला निदान पात्रता फेरी मिळते, आणि तिथे पहिल्या फेरीत हरला तरी बऱ्यापैकी रक्कम हातात पडते. त्याच्या पलीकडच्याला या चार आठवड्यांतून काहीच मिळत नाही. क्रमवारीतले हे दोन उंबरठे लक्षात ठेवा: शंभर आणि दोनशेतीस. सगळा धंदा या दोन उंबरठ्यांभोवती फिरतो.

शिळे होणारे गुण

मग वर चढायचं कसं? गुण मिळवून. एम-१५ स्पर्धेच्या विजेत्याला १५ गुण मिळतात, उपविजेत्याला ८, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ४. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला शून्य. दोनशेतिसाच्या उंबरठ्यापाशी पोचायला साधारण अडीचशे गुण लागतात, शंभरात यायला सहाशेच्या आसपास. करा भागाकार. नुसत्या एम-१५ स्पर्धा जिंकून शंभरात यायचं म्हटलं, तर वर्षात चाळीस विजेतेपदं लागतील. ते कुणालाच शक्य नाही. म्हणून तळमजल्यावर जास्त काळ राहून चालत नाही. लवकरात लवकर चॅलेंजरमध्ये घुसावं लागतं, कारण तिथल्या विजेत्याला स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे ५० पासून १७५ पर्यंत गुण असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे गुण कायमचे नसतात. आज मिळालेले गुण ५२ आठवड्यांनी खात्यातून वजा होतात. फेब्रुवारीत एखादी स्पर्धा जिंकलात, तर पुढच्या फेब्रुवारीत तेवढे गुण पुन्हा कुठून तरी मिळवायचे, नाहीतर खाली घसरायचं. नोकरीत सेवाज्येष्ठता असते, दुकानदाराची गावात पत असते. इथे दर आठवड्याला मागच्या वर्षीचा तोच आठवडा वसुलीला उभा असतो. आजारी पडायला सवड नाही. दुखापत झाली तर उत्पन्न त्याच दिवशी थांबतं, आणि पुढच्या काही महिन्यांत क्रमवारीही पायाखालून सरकते. वरच्या पातळीवर काही महिने जायबंदी झालेल्यांसाठी संरक्षित क्रमवारीची सोय आहे. ती स्पर्धेचं दार उघडून देते, पण घरी बसलेल्या महिन्यांचा खर्च काही देत नाही.

खर्च कुणाचा?

आपल्याकडच्या माणसाला हा भाग पटकन समजत नाही, कारण आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट असतं. रणजी खेळणाऱ्या खेळाडूचं तिकीट कोण काढतं? संघटना. हॉटेल, प्रशिक्षक, फिजिओ, सगळं संघटनेचं. वर त्याला सामन्याचं मानधन मिळतं. २०२१ पासून चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार रुपये असा दर आहे. शून्यावर बाद झाला तरी मानधन कापलं जात नाही.

टेनिसपटूला संघच नसतो. कंपनी तोच, कामगार तोच, आणि हिशोबनीसही बहुधा तोच किंवा त्याचे वडील. प्रशिक्षकाला पगार द्यायचा, शिवाय त्याचंही तिकीट, त्याचीही खोली. फिजिओ ठेवला तर माणशी खर्च तिप्पट. नागल त्या मुलाखतीच्या वेळी फक्त एक प्रशिक्षक बरोबर घेऊन फिरत होता, फिजिओ परवडत नव्हता. रॅकेटचं गटिंग दर सामन्याला करून घ्यावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. बक्षिसावर त्या त्या देशात कर कापला जातो. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचा खर्च आणि व्हिसाची अनिश्चितता दोन्ही आलं.

आणि तिकिटाची गंमत बघा. स्पर्धा सोमवारी सुरू होते. तुम्ही मंगळवारी हरणार की रविवारी जिंकणार, हे आधी कुणाला माहीत असतं? म्हणून परतीचं किंवा पुढच्या गावाचं तिकीट आगाऊ, स्वस्तात काढता येत नाही. हरल्याच्या रात्री बसून महागडं तिकीट काढायचं. मंगळवारी हरणाऱ्याची कमाई सगळ्यात कमी, आणि अनिश्चिततेचा भुर्दंड त्यालाही तेवढाच.

महासंघानंच २०१३ सालच्या आकडेवारीवर एक अभ्यास केला होता. त्यात असं दिसलं, की प्रवास-निवासाचा खर्च आणि बक्षिसाची रक्कम यांची जेमतेम तोंडमिळवणी पुरुषांत ३३६व्या क्रमांकाला होत होती आणि महिलांत २५३व्या. यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेला नव्हता. पुढे २०१८ साली टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीनं म्हटलं, की स्वतःला व्यावसायिक म्हणवणारे खेळाडू पंधरा हजारांच्या घरात आहेत, पण प्रशिक्षकाचा खर्च सोडून निव्वळ खेळावर पोट भरू शकणारे अडीचशे ते साडेतीनशेच. दोन वेगवेगळे अभ्यास आले एकाच ठिकाणी.

नागलची तीन वर्षं

आता पुन्हा नागलकडे येऊ, कारण ही सगळी यंत्रणा त्याच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते.

हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातला हा मुलगा शिक्षकाच्या घरात वाढला. दहाव्या वर्षाच्या सुमारास महेश भूपतीच्या योजनेत निवडला गेला. २०१५ साली व्हिएतनामच्या ली होआंग नामबरोबर त्यानं विम्बल्डनमध्ये मुलांचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. २०१९च्या अमेरिकन ओपनमध्ये पात्रता फेरी पार करून तो पहिल्याच फेरीत फेडररसमोर उभा राहिला आणि पहिला सेट ६-४ असा जिंकला. पुढचे तीन हरला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत त्यानं मुख्य फेरीतला सामना जिंकला. टोकियो ऑलिंपिकमध्ये एकेरीतला सामना जिंकला. लिअँडर पेसनंतर पंचवीस वर्षांनी भारतीय पुरुषाला ते जमलं होतं. मग २०२१च्या अखेरीस खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि क्रमवारी सहाशेच्याही पलीकडे गेली. म्हणजे शिडी पुन्हा जवळजवळ तळापासून चढायची.

२०२३ साली त्यानं रोम आणि फिनलंडमधलं टँपेरे इथल्या चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या, दोन्ही मातीच्या कोर्टवर. दोन आंतरराष्ट्रीय विजेतेपदं! पण त्या वर्षातली तोपर्यंतची सगळ्यात मोठी रक्कम त्याला यातल्या एकाही विजेतेपदाची मिळाली नव्हती. ती मिळाली अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीतला पहिलाच सामना हरल्यावर: साधारण २२ हजार डॉलर, म्हणजे १८ लाख रुपये. ६५ लाखांतला चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग एका हरलेल्या सामन्यानं दिला. मघाशी आपण जो दोनशेतिसाचा उंबरठा म्हणालो, त्याची ही किंमत आहे. माणूस जिंकला कुठे यापेक्षा हरला कुठे, यावर त्याचं वर्ष ठरतं.

चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपन. क्रमवारीत नागल १३७वा. पात्रता फेरीतले तीन सामने जिंकून तो मुख्य फेरीत आला, आणि पहिल्या फेरीत ३१वं मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला त्यानं सरळ तीन सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयानं हरवण्याची घटना १९८९ नंतर प्रथमच घडत होती. तेव्हा याच स्पर्धेत रमेश कृष्णननं मॅट्स विलँडरला हरवलं होतं. दुसऱ्या फेरीत नागल हरला. त्याला मिळाले एक लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे ९८ लाख रुपयांच्या आसपास. पाच सामन्यांत, दोन आठवड्यांत! आदल्या वर्षी २४ स्पर्धांनी मिळून जे दिलं, त्याच्या दीडपट.

चार महिन्यांत माणसाचा खेळ किती बदलतो? थोडाफार. उत्पन्न मात्र असं बदललं. फेब्रुवारीत त्यानं चेन्नईची चॅलेंजर जिंकली, पहिल्या शंभरात आला, आणि जुलै २०२४ मध्ये ६८व्या क्रमांकापर्यंत पोचला. ही त्याची आजवरची सर्वोत्तम जागा. पण ५२ आठवड्यांचं घड्याळ थांबत नाही. चेन्नईचे १०० गुण २०२५च्या फेब्रुवारीत खात्यातून गेले, मग बाकीचेही गेले. २०२५च्या मध्यापर्यंत तो शंभराच्या बाहेर, आणि मग दोनशेच्याही पलीकडे होता. बातम्यांत आपण ‘घसरण’ असा एक शब्द वाचतो आणि पुढे जातो. त्या शब्दाचा प्रत्यक्षातला अर्थ असा, की पुढच्या वर्षी ग्रँड स्लॅमची थेट जागा नाही, आणि प्रशिक्षकाचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न परत दारात.

खेळात अंतर किती असतं?

कुणी म्हणेल, बाजाराचा नियमच आहे हा, जो चांगला खेळतो त्याला जास्त मिळतं. मान्य. पण अंतर किती बारीक असतं हे पाहिलं पाहिजे.

आयर्लंडचा कॉनर नायलंड हे याचं फार बोलकं उदाहरण. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात शिकलेला, एकेरीत १२९व्या क्रमांकापर्यंत पोचलेला खेळाडू. २०११ साली त्यानं पात्रता फेरीतून विम्बल्डन गाठलं. पहिल्या फेरीत आद्रियान मानारिनोविरुद्ध पाचव्या सेटमध्ये तो ४-१ असा पुढे होता. जिंकला असता तर पुढचा सामना फेडररशी. तो सामना त्याच्या हातून निसटला. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये त्याची गाठ जोकोविचशी पडली, तर नेमकी अन्नातून विषबाधा झाली आणि सामना अर्ध्यातच सोडावा लागला. २०१२ साली खुब्याच्या दुखण्यानं तो निवृत्त झाला. पुढे त्यानं या तळच्या दौऱ्याच्या अनुभवांवर ‘द रॅकेट’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि २०२४ साली ब्रिटनमधला मोठा क्रीडा-पुस्तक पुरस्कार त्याला मिळाला. पहिल्या दहांतल्या कुणाचं नव्हे, तर १२९व्या क्रमांकाच्या माणसाचं पुस्तक लोकांना महत्त्वाचं वाटलं, याची नोंद घ्यायला हवी.

आपल्याजवळचं उदाहरण अंकिता रैनाचं. अहमदाबादची ही मुलगी पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली. एकेरीत १६०व्या क्रमांकापर्यंत पोचली. २०२१च्या ऑस्ट्रेलियन ओपनला ती पात्रतेच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि तिथे हरली. मुख्य फेरी एका सामन्यावर होती. त्या एका सामन्याच्या अलीकडे आणि पलीकडे पैशाचा किती फरक पडतो, हे आता आपल्याला माहीत आहे.

रिकामा खिसा आणि सट्टा

या रचनेचा एक काळा परिणामही आहे. महासंघानं २०१२ पासून लहान स्पर्धांचा थेट गुणफलक विकायला सुरुवात केली. त्यामुळे कुठल्या तरी गावात वीस प्रेक्षकांपुढे चाललेल्या एम-१५ सामन्यावर जगभरातून सट्टा लावता येऊ लागला. आता विचार करा. एका बाजूला जिंकल्यावर दोन-अडीचशे डॉलर. दुसऱ्या बाजूला कुणीतरी फोनवर सांगतंय, की सामना हर असंही म्हणत नाही, फक्त दुसऱ्या सेटमधला एक गेम सोड, त्याचे हजार-दोन हजार देतो.

मघाशी उल्लेख केलेल्या समितीनं तीन हजार दोनशेहून अधिक खेळाडूंना प्रश्न विचारले होते. सामनानिश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचं साडेचौदा टक्क्यांनी सांगितलं. बेल्जियममध्ये २०२३ साली एका टोळीच्या म्होरक्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या जाळ्यात १८० हून अधिक खेळाडू ओढले गेल्याचं तपासात पुढे आलं. गुन्हा तो गुन्हाच, आणि बहुसंख्य खेळाडू तशाच हलाखीत प्रामाणिक राहतात हेही तितकंच खरं. पण ज्या जागी प्रामाणिकपणा नुकसानीचा आणि लबाडी फायद्याची, अशी जागा आपणच बांधून ठेवायची आणि मग फक्त माणसांच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं, हे काही खरं नाही. समितीनंही दोष नुसता खेळाडूंवर टाकला नव्हता. लहान स्पर्धांचा थेट गुणफलक विकणं थांबवा, असंही तिनं सुचवलं होतं.

बदल कुठे होतोय?

काही पावलं पडली आहेत. एटीपीनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बेसलाइन’ नावाची किमान उत्पन्नाची योजना जाहीर केली आणि २०२४ पासून ती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. पहिल्या शंभरातल्याला वर्षाला तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ मधल्याला दीड लाख, १७६ ते २५० मधल्याला ७५ हजार, अशी हमी ठरली. ठरलेल्या संख्येनं स्पर्धा खेळूनही बक्षिसाची रक्कम कमी पडली, तर फरक एटीपी भरणार. दुखापतीमुळे बाहेर राहिलेल्यांसाठीही त्यात तरतूद आहे. हे मोठं पाऊल आहे. मात्र हमी २५०व्या क्रमांकाला संपते. ४००वा मुलगा अजूनही स्वतःच्या जबाबदारीवर, आणि उद्याचा शंभरावा खेळाडू आज तिथेच असतो.

दुसरा उपाय म्हणजे घराजवळच्या स्पर्धा. इटलीनं हे करून दाखवलं. चॅलेंजर स्पर्धा सर्वाधिक भरवणाऱ्या देशांत इटली येतो. त्यामुळे तिथला तरुण खेळाडू रेल्वेनं स्पर्धेला जातो, घरचं जेवतो, अधूनमधून वाइल्ड कार्डही मिळवतो. यानिक सिनर सतरा वर्षांचा असताना, फेब्रुवारी २०१९ मध्ये, बेर्गामोच्या चॅलेंजरमध्ये वाइल्ड कार्डवर खेळला आणि जिंकला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ एटीपीच्या मुख्य दौऱ्यावरची महाराष्ट्र ओपन भरत होती. आता ती होत नाही. मोठी स्पर्धा गेल्याचं दुःख होणं साहजिक आहे. पण आमच्या मते, नवोदित खेळाडूच्या दृष्टीनं वर्षातून एक झगमगीत आठवडा असण्यापेक्षा आयटीएफ आणि चॅलेंजरचे दहा-बारा साधे आठवडे आपल्या राज्यात, आपल्या देशात असणं जास्त उपयोगाचं आहे. परदेशातला एक दौरा वाचला, की एका मुलाचे दोन महिने निघतात.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे, राज्य पातळीवर चांगली खेळते. हे सगळं ऐकून भीती वाटली. तिला थांबवावं का?

उत्तर : थांबवू नका. बाराव्या वर्षी हा प्रश्नच नाही. तिला खेळू द्या. प्रश्न येतो सतरा-अठराव्या वर्षी, शाळा संपताना. तेव्हा घरात सगळ्यांनी एकत्र बसून तीन आकडे कागदावर लिहावेत: किती वर्षं प्रयत्न करायचा, त्यासाठी जास्तीत जास्त किती रक्कम घालायची, आणि त्या मुदतीत क्रमवारी कुठपर्यंत आली पाहिजे. हे आधी ठरलं नाही, तर दर वर्षी ‘अजून एकच वर्ष’ असं होत जातं आणि एक दिवस घर गहाण पडतं. मुलीलाही त्या चर्चेत बसवा, कारण पुढे हरण्याचं ओझं तिच्याच डोक्यावर येतं. वडिलांनी काय काय विकलं, हे तिला सामन्याच्या मध्यावर आठवता कामा नये.

दुसरं, अमेरिकन विद्यापीठांचा रस्ता बघा. शिष्यवृत्तीवर चार वर्षं शिकायचं, रोज चांगला सराव, प्रवास विद्यापीठाच्या खर्चानं, आणि हातात पदवी. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात शिकला आणि नंतर व्यावसायिक दौऱ्यावर गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यानं ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपीचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं.

प्रश्न : दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांची सोय, असं म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : दुहेरीत बक्षीस कमी आहे, हे खरं. पण ते वेगळं कौशल्य आहे आणि शरीराला झेपणारं आहे. युकी भांबरी २००९ साली ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार विजेता होता. एकेरीत ८३व्या क्रमांकापर्यंत गेला, मग गुडघ्यानं दगा दिला. त्यानं दुहेरी धरली आणि २०२५च्या अमेरिकन ओपनमध्ये मायकेल व्हीनसबरोबर उपांत्य फेरी गाठली. रोहन बोपण्णानं तर ४३व्या वर्षी दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकलं. याला माघार म्हणण्यापेक्षा धंद्याची दुसरी शाखा म्हणा.

प्रश्न : प्रेक्षक म्हणून आम्ही काय करू शकतो?

उत्तर : एक साधी गोष्ट. तुमच्या शहरात आयटीएफची किंवा चॅलेंजर स्पर्धा असेल, तर जाऊन बघा. प्रवेश बहुधा मोफत असतो. पहिल्या फेरीचा सामना बघा, मंगळवारी दुपारचा. जो हरेल त्याचा खेळही बघा. बाहेर खुर्च्या रिकाम्या असतात म्हणून प्रायोजक येत नाहीत, प्रायोजक नाहीत म्हणून पुढच्या वर्षी स्पर्धा होत नाही, आणि स्पर्धा नाही म्हणून आपल्याकडचा मुलगा तेच पंधरा गुण मिळवायला परदेशात जातो. त्या साखळीतली एक खुर्ची तरी आपल्या हातात आहे.

आज इथेच थांबू.